तापल्यावरच मिसिंग करणारी गाडी: भाग बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळ्याचे एक शिक्षक रोज गाडीने धुळ्याला जातात. गाडी २०१४ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट बसवलेली. सकाळी अर्ध्या सेल्फला स्टार्ट होते, मुकटीपर्यंत काही तक्रार नाही. फागणे जवळ आलं की चौथ्या गिअरमध्ये झटके सुरू होतात, पिकअप जातो, चेक इंजिनचा लाइट लुकलुकतो. धुळ्यात पाऊण-एक तास उभी राहिली की पुन्हा पहिल्यासारखी. सीएनजीवर त्रास जास्त, पेट्रोलवर कमी, पण आहेच. स्कॅनरवर कधी पी ०३०३ (तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग) येतो, कधी पी ०३०० (कोणत्याही सिलिंडरचं). चारही प्लग नवे टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक पडला नाही. आता गॅरेजवाला म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. बदलावा का?

सर, ईसीयूला आत्ता हात लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे, ते आधी नीट वाचू.

मी भुसावळला इंजिन आणि इलेक्ट्रिकचं काम करतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि अशा गाड्यांची रीघ लागते. गिऱ्हाईक एकच वाक्य सांगतं, "थंडी ऱ्हास तवय भारी चालस, तपनी का झटका मारस." पण गाडी माझ्या दारात येऊन, नंबर लागून, बॉनेट उघडेपर्यंत ती थंड झालेली असते आणि काहीच करून दाखवत नाही. बहुतेक तपासण्या इथेच फसतात. थंड गाडीला मल्टिमीटर लावला की सगळे आकडे बरोबर येतात, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलणं सुरू होतं. प्लग झाले, प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉईल झाल्या, इंजेक्टर झाले, पंप झाला, शेवटी ईसीयू. यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. तापल्यावर येणारा दोष गाडी तापलेली असताना, तो चालू असतानाच पकडावा लागतो. त्यासाठी मेकॅनिकला तुमच्यासोबत गाडीत बसून जायला लागलं तरी चालेल, पण थंड गाडीवर निर्णय घेऊ देऊ नका.

पहिली गोष्ट म्हणजे "तापल्यावर" म्हणजे नेमकं कधी, हे ठरवा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे खोदून विचारतो, कारण उत्तरावरून तपासाची दिशाच बदलते.

काही गाड्या स्टार्ट केल्यापासून दोन-चार किलोमीटरमध्येच मिसिंग करायला लागतात, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. त्या वेळी इंजिनातले भाग पुरते तापलेलेही नसतात. तिथे उष्णतेने भाग बिघडलेला नसतो, ईसीयूची वागणूक बदललेली असते. थंड इंजिनाला ईसीयू जादा पेट्रोल देतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही. इंजिन थोडं गरम झालं की तो सेन्सरवर विसंबून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास आणतो. तोवर जादा पेट्रोलने झाकलेली हवेची गळती, चोंदलेला इंजेक्टर, कमी पडणारं प्रेशर हे सगळं त्या क्षणी उघडं पडतं. पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही इंजिन तापल्यावरच उघडतो, आणि ज्या गाड्यांना ईजीआर (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आहे तिथे तोही तेव्हाच काम सुरू करतो.

दुसऱ्या प्रकारात गाडी वीस-पंचवीस किलोमीटर छान चालते आणि मग बिघडते. कूलंटचं तापमान पाच-सात किलोमीटरमध्येच ९० च्या आसपास आलेलं असतं आणि तिथेच टिकतं. पण बॉनेटखालचे बाकीचे भाग, म्हणजे प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खाचेत) बसलेली कॉईल, मॅनिफोल्डजवळून गेलेली वायरिंग, टाकीतला पंप, हे हळूहळू तापत राहतात. इथे खरोखर एखादा भाग उष्णतेने हात टेकतो.

तिसऱ्या प्रकारात चालताना काहीच होत नाही. चहाला पंधरा मिनिटं थांबलं आणि पुन्हा स्टार्ट केली की पहिला अर्धा किलोमीटर गाडी धडधडते, मग सरळ होते. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, समोरून वारा येत नाही, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढत जाते. इंजेक्टरच्या रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते, किंवा गळणारा इंजेक्टर तेवढ्या वेळात आत थेंब थेंब पेट्रोल सोडून ठेवतो.

तुमची गाडी दुसऱ्या प्रकारात मोडते. फागण्याला, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर, चौथ्या गिअरमध्ये लोडवर दोष येतो आणि पाऊण-एक तास थंड झाली की जातो. तेव्हा पर्ज व्हॉल्व्ह, ऑक्सिजन सेन्सर, टेंपरेचर सेन्सर यांना तूर्त मागे ठेवू.

आता दुसरा धागा, आणि तो फार मोलाचा आहे. दोष दोन्ही इंधनांवर येतो. सीएनजीवर गाडी असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. सीएनजीला स्वतःचे इंजेक्टर, स्वतःचा रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), स्वतःचा फिल्टर असतो. पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर किंवा तीन नंबरचा पेट्रोल इंजेक्टर खराब असता तर सीएनजीवर गाडी सरळ चालली असती. सीएनजीचाच भाग खराब असता तर पेट्रोलवर सरळ चालली असती. दोन्हीवर त्रास आहे म्हणजे दोष दोघांच्या सामाईक भागात आहे. तो भाग म्हणजे ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), आणि ठिणगीकडे जाणारी वायरिंग आणि अर्थिंग. ज्यांच्याकडे गॅस किट आहे त्यांच्या हातात ही चाचणी फुकटची आहे. दोष चालू असताना बटण दाबून इंधन बदलायचं आणि काय होतं ते बघायचं.

सीएनजीवर जास्त का, तर गॅसच्या मिश्रणात ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीची बाजू कमकुवत असेल तर ती आधी सीएनजीवर उघडी पडते, पेट्रोलवर ओढूनताणून निभावते. लोडचंही तसंच आहे. आयडलिंगला सिलिंडरमधला दाब कमी असतो, दहा-बारा हजार व्होल्टला प्लगच्या टोकांत ठिणगी उडते. चढाला किंवा वरच्या गिअरमध्ये रेस दिली की दाब वाढतो आणि तीच ठिणगी उडवायला वीस हजारांच्या पुढे जावं लागतं. म्हणून अशी गाडी गॅरेजमध्ये उभी असताना गोड वाजते आणि रस्त्यावर झटके मारते.

माझा पहिला संशय तीन नंबरच्या कॉईलवर आणि तिच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटवर आहे.

कॉईल तापल्यावर का बिघडते ते सांगतो. तिच्या आत तांब्याची बारीक तार हजारो वेढ्यांची असते आणि ती रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी ३० अंशांवर असलेली कॉईल ११० अंशांवर गेली की तो जवळपास ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. हे गृहीत धरूनच कंपनीने कॉईल बनवलेली असते, त्याने चांगली कॉईल बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं तापून-निवून रेझिनला केसाएवढी चीर पडते, वेढ्यांवरचं इन्सुलेशन सुटतं. थंड असताना ती चीर मिटलेली, गरम झाल्यावर उघडलेली. मग वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी आतल्या आत किंवा बाजूच्या धातूवर उडते. म्हणून थंड कॉईलचा रेझिस्टन्स मोजून ती चांगली ठरवू नये. शिवाय ज्या कॉईलमध्ये इग्नायटर (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आतच असतो, म्हणजे तीन किंवा चार पिनांच्या, तिथे मल्टिमीटरचा आकडा काही सांगतच नाही.

आता बूट. तीन नंबरची कॉईल वर ओढा आणि उजेडात बघा. बूटच्या आत टॉर्च मारा. चांगलं रबर आतून एकसारखं काळं आणि मऊ असतं. वीज फुटत असेल तर आत उभी, बारीक, राखाडी-पांढरी रेघ दिसते, पेन्सिलने ओढल्यासारखी. मग प्लग काढा आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर बोट फिरवा. त्याच जागी तशीच काळपट रेघ असेल, आणि ती कापडाने पुसून जाणार नाही. ही विजेने पाडलेली कार्बनची वाट आहे. एकदा वाट पडली की वीज प्लगच्या टोकाला न जाता त्या वाटेने बॉडीला जाते. तुमचे प्लग नवे टाकूनही फरक पडला नाही याचं हे एक सरळ कारण असू शकतं. जुन्या बूटमधली वाट नव्या प्लगवरही लवकरच तशीच रेघ पाडते. प्लग आणि बूट सोबत बदलायला हवेत. काही कॉईलचे बूट सुटे मिळतात, काहींना पूर्ण कॉईल घ्यावी लागते.

विहिरीत तेल आहे का तेही याच वेळी बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळालं की तेल प्लगच्या विहिरीत उतरतं, रबर फुगतं आणि सैल पडतं. तेल असेल तर आधी पॅकिंग, मग कॉईल, नाहीतर नवी कॉईलही त्याच तेलात बसेल.

आता खात्रीची चाचणी. तीन नंबरची कॉईल एक नंबरला लावा, एकची तीनला. प्लग जागेवरच राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कॉईल आणि प्लग दोन्ही हलवले तर काहीच कळणार नाही. कोड पुसा आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळी, सीएनजीवर फागण्यापर्यंत या. अंगणात पाच मिनिटं स्टार्ट ठेवून ही चाचणी होत नाही. पी ०३०१ आला तर दोष कॉईलसोबत गेला, विषय संपला, एक कॉईल घ्या. पी ०३०३ तसाच आला तर कॉईल सुटली, आता प्लगची तशीच अदलाबदल करा.

रस्त्यावर जायचं नसेल तर गॅरेजमध्ये हेअर ड्रायरने एकेक कॉईल तापवत आयडलिंग बघता येतं. उलटही करता येतं. दोष चालू असताना संशयित कॉईलवर ओलं, पिळून काढलेलं फडकं ठेवायचं. मिनिट-दोन मिनिटांत इंजिन सरळ झालं तर उत्तर मिळालं. पाणी मात्र ओतू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर, ऑक्सिजन सेन्सरवर किंवा प्लगच्या चिनीमातीवर गार पाणी पडलं की ते तडकतं.

आणखी एक पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर किंवा कॉईल ओढून बघायची. जुन्या ८०० आणि ओम्नीपासून लागलेली सवय आहे. ईसीयूच्या गाडीवर हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. जोराचा शॉक बसतो, आणि ठिणगीला वाट मिळाली नाही की चांगली कॉईल किंवा ईसीयूच्या आतला ड्रायव्हर उडतो. काढलेला प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघणंही तितकंच फसवं आहे. मोकळ्या हवेत कमजोर कॉईलही निळी ठिणगी देते. बघायचीच असेल तर अंतर वाढवता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, फार महाग नसतो.

कॉईल आणि प्लग दोन्ही सुटले आणि कोड तीन नंबरलाच चिकटून राहिला, तर दोन जागा उरतात. त्या सिलिंडरची वायरिंग आणि त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह.

वायरिंगचं म्हणाल तर आपल्या भागात उंदरांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कापूस, मका, केळी घरात किंवा खळ्यावर असते, गाडी शेडमध्ये असते, आणि हिवाळ्यात उंदीर गरम बॉनेटखाली मुक्कामाला येतात. रावेरकडच्या एका केळीवाल्याची गाडी अशीच वर्षभर फिरत होती. तापली की एक सिलिंडर बंद. कॉईल दोनदा बदललेली. कॉईलकडे जाणाऱ्या वायरीवर टेप दिसत होती, सोडवली तर आत उंदराने निम्मी तार कुरतडलेली, उरलेल्या चार-पाच बारीक तारांवर काम चाललेलं. थंड असताना पुरेशी, गरम झाली आणि हलली की अपुरी. तो इंचभर तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली. म्हणून कपलर नुसता बघू नका. दोष चालू असताना कपलर आणि वायर हलक्या हाताने हलवा, पिना सैल आहेत का, हिरव्या पडल्यात का बघा.

अर्थिंग हा त्याहून दुर्लक्षित मुद्दा. तुम्हाला अधूनमधून पी ०३००, म्हणजे कोणताही सिलिंडर, असा कोड येतो, त्यामुळे हे तपासणं मी सोडणार नाही. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसीचा पंखा चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल इंजिनच्या ब्लॉकवर. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. ०.२ च्या वर आलं तर इंजिनची अर्थ वायर काढून दोन्ही टोकं घासून घट्ट करा. हेच मोजमाप थंड इंजिनावर एकदा आणि फागण्याहून आल्याआल्या एकदा करा. गरम असताना आकडा वाढत असेल तर जोड सैल आहे. सीएनजी किट बसवताना कधीकधी वायरिंग मध्येच कापून जोडलेली असते, अर्थ भलत्याच बोल्टवर घेतलेली असते. किटवाल्याने मारलेला प्रत्येक जोड उघडून बघा.

व्हॉल्व्हचा मुद्दा सीएनजीच्या गाडीत टाळता येत नाही. पेट्रोलमध्ये व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटला थोडं वंगण आणि थोडा गारवा मिळतो, कोरड्या गॅसमध्ये तो मिळत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कमी होत जाते. खूप लोकांना वाटतं टॅपेट बिघडले की आवाज येणारच. इथे उलटं होतं, गॅप संपत आली की इंजिन जास्तच शांत वाजतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लोडवर लालबुंद होईपर्यंत तापतो आणि लांब होतो. गॅपच उरली नसेल तर तो सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि तो सिलिंडर मिसिंग करतो. थंड झाला की आखडतो, बसतो, सगळं ठीक. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते आणि मग हेड उतरवावंच लागतं.

म्हणून कॉम्प्रेशन गरम असताना बघायचं. गाडी रस्त्यावरून दोष दाखवून आली की लगेच इंधन आणि कॉईल डिस्कनेक्ट करा, चारही प्लग काढा, रेस पूर्ण दाबून धरा, बॅटरी भरलेली हवी, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फचे फेरे द्या. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग जपून काढा, आटे जातात. तीन नंबरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १५-२० टक्क्यांनी कमी असेल तर दोष ठिणगीचा नाही. मग गाडी रात्रभर थंड करून दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा. थंडीत चारही सारखे आणि गरम असताना तीन नंबर खाली, असं आलं तर फीलर गेजने टॅपेटची गॅप मोजा. किती हवी ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. जुन्या गाड्यांना ती स्क्रूने सेट होते, नव्या बऱ्याच इंजिनांत मोजून योग्य जाडीचा बकेट टाकावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे म्हणून टाळलं जातं, पण सीएनजीवर रोज चालणाऱ्या गाडीची गॅप मी दर ४० हजार किलोमीटरला तरी बघायला सांगतो.

दोन आणि तीन असे शेजारचे सिलिंडर एकत्र मिसिंग करत असतील आणि कूलंटही कमी होत असेल, तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याचा संभव असतो. तुम्ही पाणी कमी होतं असं लिहिलेलं नाही, तरी रिझर्व्ह टाकीवर सकाळी एक खूण करून आठवडाभर बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आणि कापसाच्या हंगामानंतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तंतू आणि धूळ आतल्या बाजूने हवा मारून काढून घ्या. धुळ्याकडून मालेगावला जाताना लळिंगच्या चढावर किंवा चाळीसगावहून कन्नडच्या घाटात तापमान वर सरकणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये दुसरं काहीच नसतं.

ज्यांच्या गाडीची लक्षणं तुमच्यासारखी नाहीत त्यांच्यासाठी बाकीचं थोडक्यात.

फक्त पेट्रोलवर, लांबच्या प्रवासात, टाकी पाव भागाच्या खाली असताना पिकअप जात असेल तर पंपावर संशय घ्या. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, उन्हाळ्यात रिकामी टाकी त्याच्या जिवावर येते. प्रेशर गेज रेलला लावून गाडी तापेपर्यंत चालवा, थंड असताना मोजलेलं प्रेशर कामाचं नाही.

तापली की काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काळे प्लग असतील तर टेंपरेचर सेन्सर बघा. रात्रभर उभी असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर लावा. कूलंटचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखं दिसायला हवं. इंजिन तापलेलं आणि स्क्रीनवर ३५ अंश दिसत असेल तर ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल ओततोय. तो सेन्सर ठीक असेल तर पर्ज व्हॉल्व्हची नळी काढून तात्पुरती बंद करून बघा. पेट्रोल भरताना नोझल आपोआप बंद झाल्यावरही, म्हणजे कट पडल्यावरही, रुपयांचा आकडा गोल करायला पेट्रोल भरत राहायची आपली सवय आहे, त्याने पेट्रोल वाफेच्या नळीतून चारकोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि नंतर ते इंजिनात येतं. पहिला कट पडला की थांबायला सांगा.

झटका न येता इंजिन एकदम बंदच होत असेल तर ते मिसिंग नाही. त्या क्षणी आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये पळतेय आणि काटा धपकन शून्यावर आला, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला. हा सेन्सर उष्णतेने आत तुटतो आणि थंड झाला की जोडला जातो, कोड कधी येतो, कधी येतच नाही.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्क्यांनी वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, बघता येत असेल तर जरूर बघा. गरम इंजिनावर लाँग टर्म ट्रिम अधिक १५ च्या वर असेल तर इंधन कमी पडतंय किंवा बाहेरची हवा आत येतेय, उणे १५ च्या खाली असेल तर इंधन जास्त होतंय. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या गाडीचा ट्रिम थोडा वर दिसणं साहजिक आहे, त्याला दोष समजू नका.

पुन्हा तुमच्या ईसीयूकडे. ईसीयू उष्णतेने बिघडतो, नाही असं नाही, पण क्वचित. तो बदलण्याआधी मेकॅनिकने एक गोष्ट दाखवायलाच हवी. दोष चालू असताना तीन नंबरच्या कॉईलच्या कपलरला ईसीयूकडून ट्रिगर, म्हणजे ठिणगी सोडण्याचा इशारा, येतोय का? हे स्कोपवर किंवा साध्या एलईडी टेस्ट लॅम्पवर दिसतं. कपलरला १२ व्होल्टचा सप्लाय आहे, अर्थ चांगली आहे, ईसीयूपर्यंतची वायर सलग आहे आणि तरी ट्रिगर मध्येच गायब होतो, हे समोर दिसलं तरच ईसीयूचं नाव घ्या. ट्रिगर येत असेल तर ईसीयू आपलं काम करतोय.

तोपर्यंत एक काळजी घ्या. लाइट लुकलुकत असतो त्या वेळी न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जात असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. तो आतून वितळतो, आणि त्याची किंमत कॉईलच्या कितीतरी पट आहे. लाइट लुकलुकायला लागला की रेस सोडा, पेट्रोलवर घ्या, सावकाश चालवा, झटके थांबत नसतील तर बाजूला थांबा. थांबताना वाळलेल्या गवतावर किंवा कडब्यावर गाडी उभी करू नका. आपल्याकडे मार्च ते जून रस्त्याच्या कडेला सगळं वाळलेलं असतं आणि तापलेल्या कन्व्हर्टरने ते पेट घेतं.

स्कॅनरसाठी दर वेळी गॅरेजला जायची गरज नाही. तुमची गाडी ओबीडी-२ (स्कॅनर जोडायची प्रमाणित सोय असलेली) आहे, ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम उघडून त्याचा फोटो काढून ठेवा. कोड आला त्या क्षणी कूलंट किती होतं, आरपीएम किती, लोड किती, ट्रिम किती, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं, आणि बहुतेक ठिकाणी पहिलं काम कोड पुसण्याचंच होतं.

तर या आठवड्यात एवढं करा: तीन आणि एकच्या कॉईलची अदलाबदल, बूट आणि विहिरीची पाहणी, अर्थिंगचे गरम आणि थंड आकडे. कॉईलच निघाली तर नामांकित कंपनीची, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने घ्या, कारण बाजारात नकली कॉईल आणि नकली प्लग भरपूर आहेत. प्लगची गॅप सीएनजीसाठी किटवाल्याने सांगितलेलीच ठेवा, ती बहुधा पेट्रोलपेक्षा कमी असते. आणि काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच पैसे देऊन मोकळे होऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून फागण्यापर्यंत सीएनजीवर जा, परत येताना पेट्रोलवर या. कॉईलने फरक पडला नाही तर गरम कॉम्प्रेशनचे चार आकडे लिहून पाठवा, त्यावरून टॅपेटचं काम निघतं का ते सांगता येईल.